पुदिन्याच्या दोन बाटल्या

सकाळी यंत्र सुरू केलं की आधी रिकामं वाचन घ्यायचं, हा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. तेल नाही, अर्क नाही, नुसता द्रावक. यंत्र त्याची वाफ करायचं आणि केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून पुढे ढकलायचं. नळीतून एखादं द्रव्य बाहेर पडलं की पडद्यावरची रेघ उठायची. एकेका द्रव्याचं एकेक शिखर, ज्याची त्याची ठरलेली जागा. रिकाम्या वाचनात सुरुवातीला द्रावकाचा उंचवटा आणि पुढे सपाट माळरान, एवढंच दिसायला हवं.

त्या दिवशी माळरानावर एक टेकडी उगवली.

यंत्रापाशी बसलेली ती तरुणी पडद्याकडे वाकली. जागा ओळखीची होती.

“मेंथॉल?” ती स्वतःशीच पुटपुटली. “हे आणि कुठून आलं...”

“माझ्याकडून आलं असेल,” मागून कुणीतरी म्हणालं.

दारात एक तरुण उभा होता. खांद्याला पिशवी, पिशवीतल्या बाटलीचं बूच सैल झालेलं, आणि शर्टाची एक बाजू तेलानं भिजून अंगाला चिकटलेली. पुदिन्याचा भपकारा खोलीभर पसरला होता आणि तिला तो आत्ता कळत होता.

“मघाशी तुमच्या हातून त्या कुपीचं इवलंसं टोपण पडलं ना,” तो म्हणाला, “ते मी उचलून दिलं. तेव्हापासून इथेच उभा आहे. तुम्ही मागे वळून बघितलंच नाही.”

“ते तुम्ही दिलंत? मला वाटलं, आमच्या बाईंनी दिलं.”

“बाईंचे हात इतके राकट आहेत का?”

“मी ऐकतेय हं,” आतल्या टेबलावरून प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

तिला हसू आवरेना. तिनं टोपण चिमट्यानं उचललं, फेकून दिलं, नवं घेतलं. एका माणसाच्या बोटांवरचं तेल, एवढ्याशा टोपणावर लागलेलं, आणि यंत्रानं ते इमानेइतबारे नोंदवलं होतं. पडद्यावरची ती टेकडी पुसण्याआधी ती क्षणभर थांबली... का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तो पुदिन्याचं तेल काढणाऱ्या घरातला धाकटा होता. घरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ, वहिनी आणि हा. त्यांची दोन शेतं होती: पाण्याजवळचं जुनं, आणि उतारावरचं नवं. नवं शेत याच्या हट्टापायी लावलेलं. पानं मोठ्या टाकीत भरायची, खालून वाफ सोडायची, वाफ तेल घेऊन वर येते. ती थंड केली की पाणी खाली, तेल वर. हे त्याला तोंडपाठ होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की पीक नेमकं कधी कापायचं.

“कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं,” तिनं सांगितलं. “पान जून होत जातं तसतसं त्याचंच मेंथॉल बनतं. तुमच्या टूथपेस्टमध्ये, बाममध्ये, खोकल्याच्या गोळीत जे गार लागतं ना, ते हे. लवकर कापलंत तर तेल कच्चं. उशीर केलात तर पानं गळून जातात.”

“म्हणजे घाई करूनही चालत नाही आणि वाट बघूनही चालत नाही.”

“बरोबर.”

“अवघड आहे मग माणसाचं.”

“मी पानांबद्दल बोलतेय.”

“मीही,” तो म्हणाला, आणि अगदी साळसूद चेहरा करून पिशवी आवरू लागला.

ठरलं ते असं. दर आठवड्याला त्यानं दोन्ही शेतांतली थोडी थोडी पानं घरच्या लहान टाकीत वेगवेगळी काढायची, दोन बाटल्या घेऊन यायचं, आणि तिनं तपासून आकडे द्यायचे. आकडे दादा बघणार, आणि कधी कापायचं ते दादाच ठरवणार.

तिला प्रयोगशाळेत ‘तीनदा’ म्हणत. नाव बाईंनीच पाडलेलं. एका वाचनावर तिचा कधीच विश्वास नसे. पहिलं वाचन म्हणजे योगायोग, दुसरं म्हणजे शक्यता, तिसरं आलं की बोलायचं, असं तिचं म्हणणं. कुलूपसुद्धा ती तीनदा ओढून बघायची.

“हिला कुणी मागणी घातली,” बाई एकदा त्याच्यादेखत म्हणाल्या, “तर म्हणेल, अजून दोनदा घाला. मग सरासरी काढू.”

तो मोठ्यानं हसला. ती कानापर्यंत लाल झाली आणि नसलेल्या डागावरून फडकं फिरवत राहिली.

एका बाटलीच्या वाचनाला बराच वेळ लागे. तेवढा वेळ तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसून राही. आधी गप्प असे, मग हळूहळू बोलू लागला. टाकीचं झाकण पहिल्यांदा उघडलं की डोळ्यांतून कसं घळाघळा पाणी येतं, वहिनीचा भात करपला तरी घरात कुणाला कसा वास येत नाही, दादा रागावला की कसा बोलायचाच बंद होतो... ती कामात असे, पण ऐके. ऐकता ऐकता कधी हसे, आणि ती हसली की तो तीच गोष्ट थोडी वाढवून सांगे.

“तुला तुझ्या अंगाचा वास येतो?” एकदा तिनं विचारलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ केव्हा झालं, हे दोघांनाही कळलं नव्हतं.

“येतो की. घामाचा.”

“पुदिन्याचा?”

त्यानं बाही नाकाशी नेली. “नाही. येतो का?”

“जिन्यात असतोस तेव्हापासून येतो.”

“म्हणजे मी यायच्या आधीच तुला कळतं, मी आलो ते?”

ती गडबडली. “म्हणजे... सगळ्यांनाच कळतं.”

“मला नाही येत ग,” आतून बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्यानं खिशातून एक लहानशी कुपी काढली. चांगलं तेल थंडीत ठेवलं की त्यातलं मेंथॉल वेगळं होतं. कुपीत काचेसारख्या लांबलचक सुया गोठल्या होत्या, एकमेकींत गुंतलेल्या.

“जुन्या शेतातल्या तेलाच्या,” तो म्हणाला. “नव्या शेतातल्या तेलाच्या अशाच सुया झाल्या तर दादा तिथं दुसरी टाकी बसवणार. सोबत एक खोली. मी तिथंच राहायचं. तिथून इथं यायला...” तो अडखळला. “तिथून हे सगळं जवळ पडतं.”

“आणि नाही झाल्या तर?”

“तर मामाकडं. त्याच्याकडं मोठी टाकी आहे आणि माणूस कमी. दादानं केव्हाचं त्याला कबूल केलंय. पण मामाचं गाव म्हणजे... तिथून सणासुदीला घरी येणंसुद्धा जड.”

त्यानं एक सुई चिमटीत धरून तिच्या मनगटावर टेकवली. सुई विरघळली. खिडकीतून दुपारचं ऊन हातावर पडलं होतं, आणि त्या उन्हात एवढीशी जागा गारेगार झाली.

“गार वाटतंय?”

“वाटतंय. पण झालेलं नाही,” ती म्हणाली. “तापमान तेवढंच आहे. कातडीत थंडी ओळखणारी एक जागा असते, मेंथॉल नेमकं तिलाच जाऊन डिवचतं. म्हणजे बाहेर थंडी नसताना कुणीतरी दारावरची घंटा वाजवल्यासारखं.”

“थंडी नसेल,” तो तिचा हात न सोडता म्हणाला, “पण घंटा वाजवणारा असतोच की दाराशी.”

तिनं हात तसाच राहू दिला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात ते घडलं. दोन्ही बाटल्यांची वाचनं झाल्यावर तिनं सवयीनं दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. एरवी त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसत. मोठी शिखरं सारखी, पण बारकी बारकी वेगळी. माती वेगळी, पाणी वेगळं, पान वेगळं. या खेपेला एका रेघेखाली दुसरी रेघ दिसेचना. अगदी तळाशी असतात ती धुळीएवढी शिखरंसुद्धा जागच्या जागी, तेवढ्याच उंचीची.

दोन बाटल्यांत एकच तेल होतं.

तिनं खिडकीकडं पाहिलं. तो स्टुलावर बसून बाहेर बघत होता, मजेत पाय हलवत. आणि तिच्या लक्षात आलं, नव्या शेताच्या उताराचा रस्ता पावसानं खचला होता. त्यानंच मघाशी सांगितलं होतं. पानं आणणं जमलं नसणार. मग एकच बाटली आणायची, एकच वाचन घ्यायचं, आणि... अर्ध्याच वेळात निघून जायचं.

ते त्यानं केलं नव्हतं.

आत्ताच्या आत्ता उठून जावं, त्याच्यासमोर दोन्ही रेघा धराव्यात आणि म्हणावं, चोरा... पण योगायोग असला तर? चुकून दोनदा एकाच भांड्यातून ओतलं गेलं असेल तर? उगाच आपलंच हसं. तिनं आकडे जसेच्या तसे लिहिले. दोन्ही सारखे, दोन्ही चांगले, दोन्ही कापणीच्या जवळ आलेले. आकड्यांत खोटं काही नव्हतं. बाटलीवर ‘नवं शेत’ असं त्यानं लिहिलं होतं, तिनं नव्हतं. एक, ती मनात म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन बाटल्या, एकच तेल.

“आज उशीर होईल का?” त्यानं विचारलं.

“दोन बाटल्या म्हणजे वेळ लागणारच,” ती म्हणाली. हसू दाबत तिनं मान वळवली. “घाई आहे?”

“मला? छे.”

दोन, ती मनात म्हणाली. पुढच्या खेपेला बोलायचं. वाक्यसुद्धा तिनं ठरवून ठेवलं. तिसरी जोडी यंत्रातून निघाली की कागद त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, ‘हे दुसरं शेत नक्की कुठं आहे? मला बघायचंय.’ आरशापुढं उभी राहून तिनं ते वाक्य म्हणूनही बघितलं. अर्थात, तीनदा.

पण पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही.

त्याच्या नंतरच्या आठवड्यात आला तो रिकाम्या हातानं. जिन्यात पावलं वाजली, वास आला आणि ती उभी राहिली. पण हा वास तो नव्हता. तिच्या सरावलेल्या नाकाला तो आधीच टोचला. हिरवा, उग्र, कच्चा.

“नवं शेत कापलं,” तो दारातूनच म्हणाला.

“कुणी?”

“दादानं. टाकीची नळी गळत होती, मी ती दुरुस्त करून आणायला गेलो होतो. मजूर तेवढेच दोन दिवस मोकळे होते. दादानं तुमचा कागद पाहिला. आकडे तयार आहेत म्हणाला, आणि लावले विळे.” तो थांबला. “मी परत आलो तेव्हा उतारावर नुसते खुंट उभे होते.”

तिनं हात पुढं केला. त्यानं खिशातून त्या तेलाची कुपी काढून दिली. वाचन घ्यायची गरज नव्हती, तरी तिनं घेतलं. मेंथोनचं शिखर उंच, मेंथॉल खुरटलेलं. या तेलाच्या सुया कधी झाल्या नसत्या, कितीही थंडीत ठेवलं तरी.

“ते आकडे नव्या शेताचे नव्हतेच,” तो म्हणाला. “रस्ता खचला होता. दुसऱ्या खेपेला झाला होता नीट, पण तोवर... दोन बाटल्या म्हणजे दुप्पट वेळ बसायला मिळायचं, बस्स. मला वाटलं, कापायच्या आधी एकदा खरी पानं आणू. आहे वेळ. आणि सगळ्यांत कहर म्हणजे, दादाला आधी वाटलं तुझीच चूक आहे. म्हणाला, त्या पोरीला धड तपासता येत नाही. तेव्हा सांगितलं सगळं. तुला नावं ठेवलेली मला...” त्यानं मान हलवली. “मी तुला फसवलं. ते सांगायला आलो.”

ती यंत्राकडं तोंड करून उभी होती. आतल्या टेबलावर बाई होत्या, पण आज त्या काहीच म्हणाल्या नाहीत. उलट उठून आपला कप घेऊन बाहेर गेल्या.

“नाही फसवलंस,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”

“काय?”

“पहिल्याच वेळेला कळलं होतं. दोन्ही रेघा एकच होत्या.”

तो तिच्याकडं बघतच राहिला. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू पुढच्या वेळी एकच बाटली आणली असतीस.”

आरशापुढं म्हटलेलं वाक्य हे नव्हतं. पण जे सांगायचं होतं ते सगळं याच वाक्यात होतं, आणि ते त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर एक आनंद येता येता मध्येच थबकला, पायरी चुकलेल्या माणसासारखा.

“कधी बोलणार होतीस?” त्यानं हलकेच विचारलं.

“तिसऱ्या वेळी.”

तो हसला. हसू फार वेळ टिकलं नाही. “बाईंनी सांगितलं होतं की मला. मीच विसरलो.”

“मी दादांशी बोलते,” ती घाईनं म्हणाली. “सांगते, मला कळत होतं तरी मी लिहिलं नाही. अर्धी चूक माझी. पुदिना परत फुटेल, मुळं शाबूत आहेत. पुढच्या हंगामात...”

“दादाला सांगू नकोस. त्याच्या लेखी चूक माझी एकट्याची आहे, तशीच राहू दे. तुझ्या कागदावर त्याचा विश्वास राहायला हवा. माझ्यावरचा गेला तो गेला.” त्यानं बाही खाली ओढली, मनगटापर्यंत. “उद्या मामाकडं निघतोय.”

“किती दिवस?”

“मामाला माणूस मिळेतोवर. नाही तर मामा आहे तोवर.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरा कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून ओरडत होता. ती दोघं ते ऐकत उभी राहिली, जणू तेच ऐकायला आली होती.

“एक सांगतो मॅडम,” तो दारात वळून म्हणाला. ‘मॅडम’ शब्दानं तिला कसंसंच झालं. “आमच्या घरातून यापुढं इथं खोटी बाटली येणार नाही. शब्द देतो.”

“आणि तू?”

जिन्यातून पावलं खाली गेली. वास मात्र रेंगाळला. तिनं खिडकी उघडली नाही.

पुढच्या हंगामात, फुलोरा धरायच्या सुमारास, एक बाई पिशवी सांभाळत जिना चढून आल्या. गोल चेहरा, दमलेला श्वास, आणि डोळ्यांत उघड कुतूहल.

“तुम्हीच ना त्या... तीनदा?” त्या म्हणाल्या, आणि जीभ चावली. “मी वहिनी. धाकट्याची.”

तिनं त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. वहिनींनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. ‘जुनं शेत’. ‘नवं शेत’. अक्षर त्याचंच होतं.

“हे...” तिनं अक्षरांवर बोट ठेवलं. “हे त्यानं लिहिलंय?”

“तेल त्यानंच काढलं. चार दिवसांसाठी आला होता. भावाशी बोलणं असं फारसं नाही, पण दोन्ही शेतांत स्वतः फिरला, पानं तोडली, लहान टाकीवर रात्री जागला. आज पहाटे परत गेला.” वहिनी जरा पुढं झुकल्या. “मी म्हटलं, अरे, एवढं केलंस तर बाटल्याही तूच देऊन ये. वाटेतच तर आहे. तर म्हणाला, वहिनी, मी गेलो की मला दोन बाटल्या पुरायच्या नाहीत.”

तिनं बाटल्यांकडं बघत मान हलवली.

“आणि म्हणाला, त्यांना सांगा, दोन्ही नीट बघा. एवढंच सांगितलं. मला काही अर्थ लागला नाही बाई. तुम्हाला लागतो का?”

“बघते,” ती म्हणाली.

“काही निरोप द्यायचाय? मामाकडं फोन करते मी अधूनमधून.”

तिनं तोंड उघडलं. पण बोलायचं तर आधी बाटल्या बघायला हव्यात. दोन्ही नीट बघा, असं तो म्हणाला होता. काय असेल त्यांत, हे कळल्याशिवाय...

“आकडे दोन दिवसांत मिळतील,” ती म्हणाली.

वहिनींनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि सावकाश जिना उतरून गेल्या.

तिनं रिकामं वाचन घेतलं. रेघ सरळ आली. मग पहिली बाटली. मग दुसरी. नळीतून तेल पुढं सरकत होतं आणि ती नखं हातात रुतवून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटत होतं की नमुना खोटा निघावा. दोन्ही बाटल्यांत एकच तेल असावं. त्या धुळीएवढ्या शिखरांनी एकमेकांवर चपखल बसावं, म्हणजे ती आत्ता धावत जिना उतरेल, वहिनींना कोपऱ्यावर गाठेल आणि सांगेल... काय सांगायचं ते तोंडपाठ होतं.

तिनं दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या.

मोठी शिखरं सारखी होती. मेंथॉल दोन्हींत भरपूर, दोन्ही तेलांच्या सुया होणार. आणि खाली, तळाशी, बारकी शिखरं वेगळी होती. माती वेगळी, पाणी वेगळं, पान वेगळं. त्यानं शब्द पाळला होता.

“काय ग,” बाईंनी मागून खांद्यावर हात ठेवला. “चांगलं आहे की तेल.”

“हो,” ती म्हणाली. “दोन्ही चांगली आहेत. खरी आहेत.”

बाई गेल्यावर तिनं परत सगळं लावलं, आणि परत वेगळंच आलं. खिडकीतलं ऊन स्टुलावरून सरकून जमिनीवर उतरलं. बाटल्या हाताळताना तेलाचा ओघळ मनगटावर आला होता. तेवढी जागा गार झाली होती, नुसती वाटण्यापुरती.

मग तिनं दोन्ही कुप्यांना नवी टोपणं लावली, आणि तिसऱ्यांदा यंत्र सुरू केलं.